पाहुण्यांची किटली

नुकुस, ६ सप्टेंबर

साखर सोडल्याचे कुमुदताईला कळवले. सांगलीहून तिने फोनवर "बघू किती दिवस टिकतं" एवढाच आशीर्वाद दिला. वडिलांना मधुमेह होता, आजोबांना होता. वंशपरंपरेने ही इस्टेट माझ्या नावावर होण्याआधीच मी नकार कळवून टाकला आहे.

खरी अडचण आली ती घरमालकिणीची. सर्बिनाज आपांच्या घरात पाहुण्याला अगोड चहा देणे म्हणजे त्याला उंबऱ्यावरून परत पाठवणे. त्यात इथले पाणी खारट. आमू दर्या ही नदी इथवर येईतो वाटेतल्या यच्चयावत शेतांचे मीठ पोटात घेऊन येते आणि आमच्या नळातून सोडते. घरची माणसे त्याच पाण्याचा चहा दूध घालून जन्मभर पितात. पाहुण्यांची किटली मात्र वेगळी: निळी, कापसाच्या बोंडांची नक्षी असलेली. त्या किटलीतला चहा पाहुण्याखेरीज कोणी घेत नाही. आपांची सून इंजिगुल ती धुते तेव्हासुद्धा जरा लांब धरून धुते.

इतकी वर्षे या घरात एका खोलीत राहून, बंब दोनदा दुरुस्त करून, आपांच्या नातवंडांना पाढे शिकवूनही मी अजून त्या किटलीचाच मानकरी आहे. जागाही मानाची, दारापासून सर्वांत लांबची. मधेच उठायचे तर सगळ्यांचे गुडघे ओलांडावे लागतात.

आपांनी शेवटी तोड काढली. माझ्या किटलीत त्या आता बोयानचे मूळ टाकतात. बोयान म्हणजे आपले ज्येष्ठमध. नदीकाठी ते इथे रानोमाळ माजते. नवरा गेल्यावर आपांनी मुळे वाळवण्याच्या कारखान्यात बरीच वर्षे काढली, त्यामुळे घरात मुळाचे पोतेच आहे. चहा असा काही जमला आहे की मिठाला तोंड लपवायला जागा राहिलेली नाही.

१४ सप्टेंबर

पुण्याच्या दैनिकासाठी बोयानवर लेख लिहायला घेतला आहे. खाऱ्या, मेलेल्या जमिनीत हे झुडूप तग धरते, आणि म्हणे हळूहळू जमीनही सुधारते. आमच्या प्राचीन वैद्यांनी त्याला मधुर, शीत, बल्य, चक्षुष्य अशी विशेषणे बहाल केली आहेत. एवढी विशेषणे मला उभ्या कारकिर्दीत मिळाली नाहीत. संध्याकाळी आपांना एकेका शब्दाचा अर्थ सांगितला. "बल्य म्हणजे ताकद देणारं," म्हणालो. आपांनी मान डोलावली आणि किटलीत आणखी एक तुकडा टाकला.

३ ऑक्टोबर

आज एक नवी गोष्ट. दुपारी लेखाचे शेवटचे पान लिहीत असता छातीत काहीतरी पायरी चुकले. अंधारात जिन्याची एक पायरी जास्त आहे असे वाटावे आणि पाऊल पोकळीत पडावे, तसे. मग दोन ठोके घाईघाईने आले, उशिरा पोहोचलेल्या विद्यार्थ्यांसारखे.

दुखले काहीच नाही. त्यामुळे भीतीपेक्षा कुतूहल जास्त वाटले. मनगटावर बोटे ठेवून बसलो. पंचावन्न वर्षे निमूटपणे भुजंगप्रयातात चालत आलेले हृदय अधूनमधून यतिभंग करते आहे. वृत्तबद्ध कवितेत पहिला दोष सापडला की वाचक बाकीचेही शोधू लागतो. माझे तसेच झाले. रात्रीपर्यंत बरेच सापडले.

१० ऑक्टोबर

धडधड रोज. शेजारच्या अल्लामबेर्गेनला सांगणे ही चूक झाली. हा मुयनाक बंदरातल्या मासेमारी बोटींवर इंजिनाचा मिस्त्री होता. समुद्र आटून गेला, हा राहिला. त्याने माझ्या पाठीला कान लावला, डोळे मिटले, आणि जुने डिझेल इंजिन ऐकावे तसे बराच वेळ ऐकले.

"अरे पायान, हे आता चालणार नाही," तो म्हणाला. (वैशंपायन या आडनावाचा इथे एवढाच अंश जगला आहे.) "आम्ही अशी इंजिनं किनाऱ्यावर सोडून यायचो."

मग त्याने तीन कारणे दिली: मला लागलेली नजर, माझे बायको नसणे, आणि चहा. पहिल्या दोहोंवर इलाज माझ्या हातात नाही. चहा आजपासून बंद.

आपांना हे रुचले नाही. घोटभर काही घेतल्यावाचून माणूस बसणार कसा? उद्यापासून त्या नुसते मूळच उकळून थर्मासमध्ये भरून देणार आहेत. माझी हरकत नाही. चहापत्ती नाही, साखर नाही, म्हणजे ते पाणीच झाले.

१९ ऑक्टोबर

चहा सोडूनही फरक नाही. उलट भर पडली आहे. पहाटे पोटरीत गोळा येतो. संध्याकाळी मोजे काढले की घोट्यावर नक्षी उमटलेली असते, निळ्या किटलीवर असते तितकीच ठसठशीत. छपरावर भोपळे वाळत घालायला शिडी चढलो तर मांड्या परक्याच्या असाव्यात तशा वागल्या. भाडेकरूने भोपळे वाळत घालावेत असा काही करार नाही, पण आपांचा मुलगा परगावी कामाला, आपांचे गुडघे दुखतात आणि इंजिगुलच्या कडेवर मूल असते. एवढे सौजन्य कोणीही दाखवील.

संशयितांना एकेक करून हद्दपार करत आहे. खारवलेला मासा गेला. मटण गेले. कांदा गेला, पण तो केवळ अल्लामबेर्गेनने नाव घेतले म्हणून. आता ज्वारीच्या पिठाचे उंडे, पाव आणि थर्मास. अशक्तपणा वाटतो म्हणून आपांना मूळ जरा जास्त घालायला सांगितले. त्यांनी तसे आधीच केले होते.

२७ ऑक्टोबर

दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टर पेरिझात चाळिशीच्या, बारीक, भराभर बोलणाऱ्या. हृदयाचा आलेख काढून त्यांनी खिडकीपाशी नेला आणि बराच वेळ पाहिला. मला तो दुरून मोडी लिपीसारखा दिसत होता. रक्तदाबही चढलेला निघाला.

मग उलटतपासणी झाली. दारू? नाही. तंबाखू? नाही. कॉफी? इथे चांगली मिळत नाही. चहा? सोडला. साखर? सोडली. काही गोळ्या? नाही. जास्त लघवी होण्याचे औषध, कोणी शेजाऱ्याने दिलेले? शेजारी फक्त निदान देतो, औषध देत नाही.

"मग तुम्ही घेता तरी काय?" त्यांनी विचारले.

"पाव आणि गरम पाणी," मी म्हणालो. स्वतःचेच मला कौतुक वाटले.

रक्ताचा अहवाल संध्याकाळी आला. साखर उत्तम. पोटॅशियम कमी, आणि थोडेथोडके नाही. डॉक्टरांनी समजावले की हा एक क्षार आहे, तो पेशींत असला तरच हृदय ताल धरते. कमी पडला की ठोके चुकतात, पायात गोळे येतात. "तुमच्या आहारात काहीतरी कमी आहे," त्या म्हणाल्या. गोळ्या दिल्या आणि वाळवलेले जर्दाळू, बटाटे, घेवडा खायला सांगितले.

इतके दिवस मी काय काढून टाकावे याचा विचार करत होतो. काय कमी आहे हा प्रश्न सुचलाच नाही.

५ नोव्हेंबर

आपांनी जर्दाळूंचे पोते आणवले आहे. सकाळी भिजवलेले, दुपारी शिजवलेले, संध्याकाळी तसेच. अल्लामबेर्गेन म्हणतो, मला पेरले तर आता झाड येईल. धडधड थोडी कमी आहे, पण गेलेली नाही. डॉक्टर गोंधळल्या आहेत. एवढे आत जाते आहे, तर राहत का नाही? "कुठेतरी गळती आहे," त्या म्हणाल्या. घडा आणि भोक असे गणित शाळेत होते. भोक सापडल्यावाचून ते सुटत नसे.

२१ नोव्हेंबर, ताश्कंद

वार्ताहराचा परवाना नवा करून घेण्यासाठी इथे येऊन पंधरवडा होत आला. मुक्काम एका वसतिगृहात, जेवण रस्त्यावरच्या खानावळीत: पुलाव, चरबी, काळा चहा, चिमूटभर साखरही. निषिद्ध म्हणून जे जे होते ते सगळे.

आणि गेले पाच दिवस एकही ठोका चुकलेला नाही. घोटे सडपातळ. वसतिगृहाचे चार मजले चढून आलो आणि वर पोहोचल्यावर आठवले की दम लागायला हवा होता.

हे फारच रंजक आहे.

२५ नोव्हेंबर, नुकुस

घरी परतलो. चुकले, मुक्कामी परतलो. आपांनी गरम गरम गुरतिक, म्हणजे रश्श्यातल्या कणकेच्या चकत्या, केले होते आणि निळी किटली भरून तयार होती. "ताश्कंदला तुम्हाला कोणी विचारलं नसेल," त्या म्हणाल्या, "तोंड बघा कसं उतरलंय." वास्तविक मी इतका टवटवीत कित्येक महिन्यांत नव्हतो. पण प्रवासाहून आलेल्या माणसाचे तोंड उतरलेलेच असावे लागते. निमूटपणे किटलीतल्या चार वाट्या प्यालो.

४ डिसेंबर

सगळे परत आले आहे. ठोके, गोळे, मोज्यांची नक्षी. जर्दाळू आणि गोळ्या चालू असूनसुद्धा.

निष्कर्ष उघड आहे: रोग या घरात आहे. ताश्कंदला काय नव्हते? शेगडीचा धूर नव्हता. नळाचे खारट पाणी नव्हते. अल्लामबेर्गेन नव्हता. आपांचा आवाज नव्हता. या शेवटच्या मुद्द्यावर एक निरीक्षण: आपा अंगणातून "पायान-आगा" अशी हाक मारतात तेव्हा हटकून एक ठोका चुकतो. दोन दिवस लक्ष ठेवून खात्री केली. नोंद करून ठेवतो. अर्थ लावत नाही.

८ डिसेंबर

छपरावरचे बर्फ ओढत होतो. एकाएकी छातीत पाखरांचा थवा उडाला आणि डोळ्यांपुढे अंधार. खाली आलो तो बर्फाच्या ढिगात, म्हणून हाडे शाबूत. डोळे उघडले तेव्हा आपा माझे डोके मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि अल्लामबेर्गेन पहिल्यांदाच काही बोलत नव्हता.

डॉक्टर पेरिझातनी शीर टोचून पोटॅशियम चढवले, रात्रभर दवाखान्यात ठेवले. सकाळी स्पष्ट बोलल्या. त्यांच्याकडचे उपाय संपले आहेत. असा झटका पुन्हा आला तर दर वेळी बर्फ खाली असेलच असे नाही. ताश्कंदच्या मोठ्या इस्पितळात जावे, आणि त्यापेक्षाही बरे म्हणजे आपल्या माणसांत.

कुमुदताईने फोनवर रडून घेतले आणि मग जानेवारीच्या पहिल्या आठवड्याचे विमानाचे तिकीट काढले. एकदा सांगलीला गेलो की या वयात, या हृदयासह, ती मला परत पाठवणार नाही. हे तिनेही सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

आपांनी माझे सदरे धुऊन, इस्त्री करून दोरीवर टांगून ठेवले आहेत. खोली उगाच गर्दीची वाटते.

११ डिसेंबर

जे घडले ते क्रमाने लिहितो.

डॉक्टर संध्याकाळी कागदपत्रे द्यायला स्वतः घरी आल्या. दारातूनच निघत होत्या, पण आपांच्या दारातून तसे निघता येत नाही. त्यांना माझ्या शेजारी मानाच्या जागी बसवले, पाव मोडला, आणि डॉक्टरही पाहुण्याच, म्हणून निळ्या किटलीतून त्यांची वाटी भरली.

डॉक्टरांनी एक घोट घेतला. वाटी खाली ठेवली. पुन्हा उचलून दुसरा घोट घेतला, औषधाची चव पाहावी तसा.

"साखर सोडली म्हणाला होतात."

"ही साखर नाही," मी म्हणालो. "मूळ आहे. बोयान."

"रोज पिता?"

"रोज. हल्ली चहाऐवजी हेच."

"किती?"

मी थर्मासकडे बोट दाखवले. डॉक्टर थर्मासकडे पाहत राहिल्या. तो मोठा आहे.

"मी तुम्हाला औषधं घेता का विचारलं होतं."

"हे औषध नाही हो. आमच्याकडे लहान मुलांना चाटवतात."

"केवढं?"

चिमूट दाखवण्यासाठी मी बोटे जुळवली, आणि ती तशीच हवेत राहिली.

डॉक्टरांनी हळू आवाजात समजावले. हे मूळ अति झाले की शरीर मीठ धरून ठेवते, त्याने पाय सुजतात आणि रक्तदाब चढतो. आणि पोटॅशियम लघवीवाटे फेकून देते. तुम्ही वरून जर्दाळू ओतत होता, खाली हे भोक होते. ताश्कंदला मूळ नव्हते, म्हणून बरे वाटले. मग त्यांनी विचारले की घरात आणखी कोणाला असे होते का.

कोणाला होणार? ती किटली फक्त पाहुण्यांची.

आपा सगळे उभ्याने ऐकत होत्या. त्यांनी पावाचे ताट खाली ठेवले, किटली उचलली आणि बाहेर गेल्या. खिडकीतून दिसत होत्या. आधी अंगणातल्या जर्दाळूच्या झाडाखाली ओतायला वाकल्या. मग थांबल्या, फाटकाबाहेर गेल्या आणि रस्त्यावर ओतून आल्या.

१३ डिसेंबर

मूळ बंद. डॉक्टर म्हणतात, उतरायला आठवडा-दोन आठवडे लागतील. मग रक्त पुन्हा तपासू, प्रवासाचे तेव्हा ठरवू.

वैद्यकाच्या दृष्टीने प्रश्न सुटला. बाकीच्या दृष्टींनी नाही. निळी किटली धुऊन, पुसून, कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर गेली आहे. आपा जेवण वाढतात आणि निघून जातात. आज स्वयंपाकघराच्या दारात गाठून म्हणालो की दोष माझा आहे. मूळ जास्त घाला असे मीच सांगितले, संस्कृत विशेषणे लावून सांगितले.

"पाहुणा मागतो," त्या म्हणाल्या. "देणाऱ्यानं बघायचं असतं."

"आपा, तुम्हाला कसं कळणार होतं?"

"माझ्या दारात आलेला माणूस माझ्याच हातचं पिऊन छपरावरून पडला." त्या पीठ चाळत राहिल्या. "सांगलीचं पाणी गोड आहे ना?"

"गोड आहे. कृष्णेचं."

"मग जा. तिथं कोणाला त्यात काही घालावं लागणार नाही."

१८ डिसेंबर

ठोके सुधारत आहेत. परिस्थिती मात्र शास्त्रार्थाला बसावे अशी आहे. पाहुण्यांची किटली फळीवर आहे, म्हणून मला तिच्यातून चहा नाही. घरची किटली पाहुण्याला देता येत नाही, म्हणून मला तिच्यातूनही नाही. या दोन वचनांच्या कात्रीत मी मानाच्या जागी कोरडा बसतो आणि इंजिगुल उकळलेले पाणी आणून देते. ते तिला पटत नाही, पण सासूपुढे बोलणार कोण?

अल्लामबेर्गेनकडे जाऊन चहा प्यालो. खारट, घट्ट, भयंकर. "इंजिन बरं झालं ना?" तो म्हणाला. "मग आता पळून काय जातोस? आम्ही बोटी सोडल्या त्या समुद्र गेला म्हणून. तुझं काय गेलंय?"

मी म्हणालो, तिकीट काढलेले आहे. तो म्हणाला, बोटींना तेही नव्हते. या वाक्याचा अर्थ मला लागला नाही, पण बोलताना तो बराच गंभीर होता.

२६ डिसेंबर

रक्ताचा अहवाल आला. पोटॅशियम जागेवर. रक्तदाबही उतरला. आलेख सुरळीत, यती जिथे हवी तिथे. डॉक्टर पेरिझात म्हणाल्या की प्रवासाला हरकत नाही. मग अहवालाची घडी घालत म्हणाल्या की न जाण्यालाही हरकत नाही.

एक निरीक्षण राहिले होते, म्हणून पडताळून पाहिले. आज आपांनी अंगणातून हाक मारली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. माळ्यावर ठेवलेले वाळके भोपळे खाली आणायचे होते. ठोका चुकला. रक्त निर्दोष असताना. डॉक्टरांना हे सांगितलेले नाही.

२९ डिसेंबर

काल संध्याकाळी कुमुदताईला फोन केला. तिकीट रद्द कर म्हणालो. तिने विचारले, "तिथं तुझं कोण आहे?" म्हणालो की तसे कोणी नाही, पण छपराचे बर्फ अजून ओढायचे आहे. ती म्हणाली, "मग ओढ बाबा. पण दोरी बांधून."

आज संध्याकाळी जेवायला गेलो आणि मानाच्या जागी बसलो नाही. दाराजवळ, मुलांच्या शेजारी, वारा लागतो तिथे बसलो. मुले सरकली. इंजिगुलने सासूकडे पाहिले. आपा ओतत होत्या. घरची किटली काळवंडलेली, ॲल्युमिनियमची, तोटीला पोचा आलेली. त्यांनी मुलांच्या वाट्या भरल्या, इंजिगुलची भरली, स्वतःची भरली. मी माझी रिकामी वाटी मुलांच्या वाट्यांच्या ओळीत सरकवली.

आपांचा हात थांबला.

"पाहुण्यांना हे देत नाही आम्ही," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे."

त्यांनी वाटी जवळ ओढली. मग ओतले, वरून दूध घातले. चव घेतली. जुना समुद्र नेमका कुठे गेला ते कळले. माझे तोंड वाकडे झाले असावे, कारण थोरला नातू हसला आणि आपांनी त्याच्या डोक्यावर टपली मारली. मी वाटी संपवली आणि पुढे केली. त्यांनी पुन्हा भरली. माझ्याकडे न पाहताच.

"दाराजवळ बसलाय, तर दार नीट लावून घ्या," त्या म्हणाल्या. "मुलांना वारा लागतोय."

उठलो आणि दार लावले. कोणाचेही गुडघे ओलांडावे लागले नाहीत.